आवडता गॉथिक मेटल बँड पहिल्यांदा लाइव्ह ऐकायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत किंवा आसपासच्या देशांत शिकायला, नोकरीला असलेल्या आणि सुट्टी काढून पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या मराठी श्रोत्यांसाठी ही माहिती एकत्र केली आहे. नियम आणि रकमा मुख्यतः जर्मनीतल्या बंदिस्त हॉलच्या आहेत, कारण अशा बँडच्या युरोपीय टूरमध्ये बहुधा सर्वांत जास्त तारखा तिथल्याच असतात. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. गॉथिक मेटलचा, म्हणजे हेवी मेटलच्या संथ, उदास शाखेचा, जीव चढउतारात असतो. जड, संथ रिफ म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ थांबते, एकटा पियानो किंवा एकच स्वच्छ आवाज उरतो आणि मग सगळं पुन्हा अंगावर येतं. हळू जागा ऐकू आल्या नाहीत तर अर्धा कार्यक्रम गेला. म्हणून खालची बरीचशी उत्तरं शेवटी नीट ऐकू कसं येईल याकडेच वळतात.

आज स्टेजवर कोणकोणते बँड ऐकायला मिळतात?

पॅराडाइज लॉस्ट (हॅलिफॅक्स, यॉर्कशायर), लकूना कॉइल (मिलान), मूनस्पेल (लिस्बनजवळचा), ड्रेकोनियन (स्वीडन) आणि सिरेनिया (नॉर्वे) ही टूर करणाऱ्यांतली मोठी नावं. टाइप ओ निगेटिव्हचा गायक पीटर स्टील १४ एप्रिल २०१० रोजी वारला आणि बँड तिथेच थांबला. ट्रिस्टानियाने २०२२ मध्ये काम थांबवलं. पोस्टरवर यांचं नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत 'ट्रिब्यूट' असेल, तर वाजवणारा बँड दुसरा आहे. तोही चांगला असू शकतो, फक्त माहीत असून तिकीट काढा.

रेकॉर्डवर ऐकलेला आवाजच स्टेजवर असेल का?

तिकीट काढण्याआधी सध्याची माणसं कोण हे बँडच्या पानावर बघा. या संगीतात गायिका बदलली की गाण्याचा स्वभावच बदलतो. ड्रेकोनियनमधून हायके लांगहान्स २०२२ मध्ये बाहेर पडली आणि आधीची गायिका लिसा योहान्सन परत आली. लीव्ह्ज आइज हा बँड २०१६ पासून मूळ गायिका लिव्ह क्रिस्टीनशिवाय आहे. लकूना कॉइलमध्ये मात्र क्रिस्टिना स्काबिया आणि आंद्रेआ फेरो ही जोडी कायम आहे. पॅराडाइज लॉस्टमध्ये निक होम्स, ग्रेग मॅकिन्टॉश, अ‍ॅरन एडी आणि स्टीव्ह एडमंडसन हे चौघे १९८८ पासून तेच, ड्रमर तेवढे बदलत आले.

दुसरी गोष्ट कीबोर्ड, व्हायोलिन आणि समूहस्वरांची. अनेक बँड कीबोर्ड वाजवणारा माणूस टूरवर नेत नाहीत. हे सगळं लॅपटॉपवरून वाजतं आणि ड्रमर कानात वाजणाऱ्या टिकटिकीवर (क्लिक) त्याच्याशी ताल जुळवतो. रेकॉर्डवर पाहुणी गायिका असेल तर तिचा भागही बहुधा असाच येतो, किंवा ते गाणं सेटमध्ये (त्या रात्रीच्या गाण्यांत) नसतंच. यात फसवणूक शोधू नका. पंधरा जणांचं कॉयर बसमध्ये घालून रोज नवं शहर गाठणं कोणत्याही मध्यम बँडला परवडत नाही.

तयारी म्हणून काय ऐकून जाऊ?

त्या बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग. स्टुडिओतल्या अल्बमवर एका आवाजाचे चार-पाच थर असतात, स्टेजवर एकच गळा असतो. तो फरक घरीच कानांवर घालून गेलात तर पहिल्या दोन गाण्यांत 'हे वेगळंच लागतंय' म्हणून हिरमोड होत नाही. लकूना कॉइलचं २०१८ मधलं लंडनचं रेकॉर्डिंग, मूनस्पेलचं लिस्बनच्या कांपू पेकेनू सभागृहातलं २०१७ चं आणि पॅराडाइज लॉस्टचं बल्गेरियात प्लोवदिवच्या प्राचीन रोमन नाट्यगृहात ऑर्केस्ट्रासह २०१४ मध्ये केलेलं, ही तिन्ही मन लावून ऐकण्यासारखी आहेत.

ज्यांची कारकीर्द लांब आहे त्यांचे निदान तीन वेगवेगळ्या काळांतले अल्बम ऐका. पॅराडाइज लॉस्टच्या १९९१ च्या अल्बममध्ये ग्रोल म्हणजे घशातून गुरगुरल्यासारखी गायकी आहे, १९९५ च्या अल्बममध्ये स्वच्छ, राकट गायकी, १९९९ मध्ये जवळजवळ इलेक्ट्रॉनिक पॉप आणि २०१७ मध्ये पुन्हा अतिसंथ, जड 'डूम' मेटल. एका रात्रीत हे सगळं एकत्र येऊ शकतं. एकाच काळाच्या प्रेमात असलेला श्रोता तिथे निम्मा वेळ घड्याळ बघतो.

सेटलिस्ट आधी बघावी का?

टूरच्या पहिल्या-दुसऱ्या रात्रीनंतर ती नेटवर येते आणि पुढे थोडीच बदलते. पहिलाच कार्यक्रम असेल तर आमचं मत असं की पहिलं गाणं आणि एन्कोर, म्हणजे शेवटी परत येऊन वाजवलेली गाणी, बघू नका. बाकीची यादी चाळून अनोळखी गाणी मात्र ऐकून ठेवा.

पहिल्यांदा हॉलमध्ये जावं की फेस्टिव्हलला?

हॉलमध्ये. ५०० ते १,५०० माणसांचा हॉल या संगीताला सर्वांत मानवतो. पूर्ण अंधार असतो, प्रकाश बँडच्या ताब्यात असतो आणि मुख्य बँडला ७५ ते १०० मिनिटं मिळतात. फेस्टिव्हलला त्याच बँडच्या वाट्याला ४० ते ६० मिनिटं येतात. त्यातून दुपारी चारचं ऊन असेल तर धुक्याचं, निळ्या दिव्यांचं काहीच दिसत नाही. वाऱ्यामुळे उंच स्वर इकडेतिकडे जातात ते वेगळंच.

तरीही दोन फेस्टिव्हल माहीत असावेत. लाइपझिशचं वेव्ह-गोटिक-ट्रेफन १९९२ पासून, मे-जूनमध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत चार दिवस भरतं. ते एका मैदानावर नसून शहरभरच्या सभागृहांत, तळघरांत, चर्चमध्ये पसरलेलं असतं. हातातल्या प्रवेश-पट्ट्यावर ट्राम-बसचा प्रवास चालतो. घोळ होतो तो अंतरांचा. दक्षिणेच्या आग्रा मैदानावरून शहराच्या मधल्या मोरिट्सबास्टाय तळघरात जायला ट्राम, चालणं आणि दारावरची रांग धरून पाऊण ते एक तास ठेवावा लागतो. हॉल भरला की पट्टा असूनही आत सोडत नाहीत. म्हणून ज्या बँडसाठी आलात त्याच्या आधीचा बँड सुरू असतानाच त्या हॉलमध्ये जाऊन बसा.

दुसरं मेरा लूना, २००० पासून ऑगस्टमध्ये हिल्डेसहाइमच्या विमानतळाच्या मैदानावर भरणारं. तिथे तंबू, धूळ किंवा चिखल आणि दिवसभर उभं राहणं आलं.

हे बँड भारतात येतात का?

क्वचित. मेटलसाठी बंगळूर ओपन एअर २०१२ पासून चालू आहे, त्याच्या घोषणांवर लक्ष ठेवा. बाकी आपल्याकडे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी असल्यामुळे खुल्या मैदानावरचा कार्यक्रम संध्याकाळीच आटोपतो. मुख्य बँड उशिरा येईल असं धरून बाहेर रेंगाळू नका.

तिकीट कधी आणि कुठून काढू?

बँडच्या स्वतःच्या टूरच्या पानावर प्रत्येक तारखेसमोर दुवा असतो, तिथूनच. जर्मनीत बहुतेक वेळा तो इव्हेंटिम या तिकीटविक्री कंपनीकडे किंवा थेट हॉलकडे जातो. मधल्या आकाराच्या हॉलचं तिकीट साधारण ३० ते ५० युरो पडतं. कोलोन, हॅम्बुर्ग, बर्लिनच्या शनिवारच्या तारखा आधी संपतात, मंगळवार-बुधवारच्या छोट्या शहरांतल्या बऱ्याचदा शेवटच्या आठवड्यापर्यंत मिळतात. तिकिटं उरली असतील तर 'आबेंडकासे' म्हणजे त्या संध्याकाळची खिडकी उघडते. तिथे दोन-चार युरो जास्त लागतात आणि काही ठिकाणी फक्त रोख चालते.

'सोल्ड आउट' दिसलं की लगेच दुप्पट पैसे मोजू नका. इव्हेंटिमची स्वतःची पुनर्विक्री, नेदरलँड्समध्ये टिकेटस्वॅप, इंग्लंडमध्ये ट्विकेट्स अशा जागी किंमत छापील दराच्या आसपास राहते आणि शेवटच्या दोन दिवसांत आजारी पडलेल्यांची, ट्रेन चुकणार असलेल्यांची तिकिटं येत राहतात. तिकिटावर नाव छापलेलं असेल तर ते बदलून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. फेसबुकवर तिकिटाचा स्क्रीनशॉट विकणारा माणूस तोच कोड पाच जणांना विकू शकतो. दारावर पहिला स्कॅन झालेला माणूस आत जातो आणि उरलेले चौघे बाहेर राहतात.

भारतातून खास यायचं तर व्हिसाचं कसं?

अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास-विमा निदान ३०,००० युरोचा हवा. उन्हाळ्यात मुंबईच्या केंद्रावर अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, म्हणून टूर जाहीर झाली की तिकिटाच्याच आठवड्यात तारीख धरा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. कॉन्सर्टचं तिकीट कारण म्हणून जोडता येतं, पण त्यावर व्हिसा मिळेलच असं नाही.

टूर रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. विमानाचे, हॉटेलचे मिळत नाहीत. एवढ्या लांबून एका रात्रीसाठी येणं धोक्याचं आहे. एकाच टूरच्या दोन तारखा धरा, मध्ये निदान एक दिवस ठेवून. गायकाचा घसा बसून एक रात्र रद्द झाली तरी दुसरी हाती राहते. पहिल्या कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी पोहोचा. जेटलॅगमध्ये रात्री साडेनऊ म्हणजे तुमच्या शरीरासाठी हिवाळ्यात पहाटेचे दोन वाजलेले असतात आणि संथ डूम ऐकताना उभ्या उभ्या डोळे मिटतात.

जर्मनीचं राहण्याचं कार्ड असलेल्यांना शेंगेनमध्ये कुठेही कार्यक्रमाला जाता येतं, पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा. नेदरलँड्समधल्या टिलबुर्गहून रात्री परतताना सीमेवर ट्रेनमध्ये तपासणी होऊ शकते. इंग्लंडसाठी वेगळा व्हिसा लागतो.

तिकिटावर दोन वेळा छापल्यात. नक्की किती वाजता पोहोचू?

'आइनलास' म्हणजे दार उघडण्याची वेळ, 'बेगिन' म्हणजे पहिल्या बँडची वेळ. दोन्हींत बहुधा एक तास असतो. जर्मनीत या वेळा खऱ्या असतात, आपल्याकडच्यासारखं 'सातचं म्हणजे आठ' चालत नाही. साधारण रात्र अशी जाते: ७ ला दार, ८ ला पहिला बँड ३० मिनिटं, २० मिनिटं सामान हलवणं, दुसरा बँड ४० मिनिटं, अर्धा तास सामान आणि तपासणी, १० च्या सुमारास मुख्य बँड. मात्र शनिवारी त्याच हॉलमध्ये नंतर डिस्को असेल तर सगळं दीड-दोन तास अलीकडे सरकतं आणि १० ला दिवे लागतात. त्या दिवशी दुपारी हॉल किंवा बँड इन्स्टाग्रामवर नेमक्या वेळा टाकतो, त्या बघूनच निघा.

पहिल्या रांगेतच उभं राहायचं असेल तर दार उघडण्याआधी दीड-दोन तास. मधे उभं राहायचं असेल तर दार उघडल्यावर अर्ध्या तासाने गेलात तरी चालतं.

कुठे उभं राहिलं तर सर्वांत चांगलं ऐकू येतं?

मिक्सरच्या टेबलासमोर, दोन ते चार मीटर पुढे, हॉलच्या मध्यरेषेवर. साउंड इंजिनिअर स्वतःच्या कानांनी जे ऐकतो त्यावर सगळं ठरवतो, म्हणून त्याच्याजवळचा आवाज सर्वांत समतोल. टेबल एका भिंतीला किंवा बाल्कनीखाली असेल तर हा नियम सोडा आणि मध्यरेषा धरा.

कठड्याला टेकून, अगदी पुढे, क्रिस्टिना स्काबियाच्या भुवया दिसतात पण आवाज बऱ्याचदा कमी येतो. गायनाचे मोठे स्पीकर वर टांगलेले आणि मागच्या गर्दीकडे रोखलेले असतात. तुमच्या डोक्यावरून ते निघून जातं. स्टेजच्या कडेवर ठेवलेल्या छोट्या स्पीकरांतून थोडं गाणं येतं, बाकी थेट झांजा आणि स्नेअर ड्रम. गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प स्टेजवर असतील तर समोरच्या गिटारवादकाशिवाय काही ऐकू येत नाही. हल्ली अनेक बँड अ‍ॅम्पऐवजी डिजिटल यंत्र वापरतात, मग उलट होतं आणि पुढच्या रांगेत गिटारच पातळ लागते. पुढे उभं राहणं चूक नाही. तिथे बघायला मिळतं, मागे ऐकायला, हे ठरवून जागा निवडा. पहिल्या वेळी बरेच जण अर्धा सेट पुढे आणि अर्धा मधे असं ठरवतात, पण पुढची जागा सोडणं सोपं असतं आणि परत मिळवणं अशक्य.

कोपरे टाळा. खालच्या 'बी' सुराला लावलेल्या गिटारच्या जाड तारेचा मूळ सूर सुमारे ६२ हर्ट्झचा, म्हणजे त्याची लाट साडेपाच मीटर लांब. अशा लाटा भिंतींच्या कोपऱ्यात साचतात आणि गाण्याचे शब्द त्यात बुडतात. स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूंना ठेवलेल्या बेस स्पीकरांमुळे मध्यरेषेवर बेस भरपूर आणि बाजूला एखाददुसरा सूर चक्क गायब, असंही होतं. एखाद्या जागी ढोलाचा ठोका लागत नाही असं वाटलं तर दोन पावलं सरकून बघा, पुष्कळदा तेवढ्याने फरक पडतो. बाल्कनीच्या खोल छताखाली झांजांची धार जाते.

उंची कमी असेल तर जर्मन हॉलमध्ये सपाट जमिनीवर उभं राहून पाठीच दिसतात. आत गेल्या गेल्या मागची पायरी, बारजवळचा उंचवटा किंवा बाल्कनीचा कठडा शोधा. या जागा पहिल्या बँडआधीच जातात.

पहिल्या गाण्यात गायिकेचा आवाजच येत नव्हता. बिघाड होता का?

बहुधा नाही. दुपारी आवाज तपासताना हॉल रिकामा असतो. संध्याकाळी हजार माणसं, त्यांचे जाड कपडे आणि शरीरं वरचे सूर शोषून घेतात, त्यामुळे इंजिनिअरला पहिल्या दोन-तीन गाण्यांत सगळं पुन्हा जुळवावं लागतं. त्यात गॉथिक मेटलमध्ये एक जात्याच अडचण आहे. आवाज मुद्दाम फाटका केलेल्या (डिस्टॉर्शन) दोन गिटारी, कीबोर्डचा पडदा आणि स्त्रीस्वर हे तिन्ही साधारण एकाच पट्ट्यात, १,००० ते ४,००० हर्ट्झच्या मधे, दाटी करतात. ग्रोल करणारा माइकवर जवळजवळ ओठ टेकवून जोर लावतो. हळू गाणाऱ्या गायिकेचा माइक वर करायला जावं तर तो ड्रमच्या झांजाही उचलतो किंवा शिट्टी मारतो. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतरही जुळलं नाही तर जागा बदला.

इअरप्लग खरंच लागतात का? मजा जात नाही का?

लागतात. जर्मनीत डीआयएन १५९०५-५ या मानकाप्रमाणे श्रोत्यांच्या जागी ३० मिनिटांची सरासरी ९९ डेसिबलपर्यंत ठेवतात, फ्रान्समध्ये कायद्याने १५ मिनिटांची सरासरी १०२ पर्यंत. कामाच्या जागेसाठीचा सावधगिरीचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबल आठ तास सोसतं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. तुम्ही तिथे साडेतीन तास असता.

मजा जाते ती चुकीच्या प्लगने. फोमचे प्लग नीट बसले तर ३० डेसिबलच्या पुढे आवाज कमी करतात, पण वरचे सूर जास्त आणि खालचे कमी. गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे, आत फिल्टर असलेले सिलिकॉन प्लग १५ ते २० डेसिबल बऱ्यापैकी सारखे कमी करतात. हे २० ते ३५ युरोंत मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्यातून ग्रोलमधले शब्दही अधिक स्पष्ट कळतात, कारण फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो.

फोमचेच हाती असतील तर बसवण्याची रीत महत्त्वाची. कोरड्या, स्वच्छ बोटांनी प्लग सुरकुती न पडू देता बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोट ठेवून ३० सेकंद थांबा, तो फुगेपर्यंत. आरशात समोरून बघितल्यावर प्लगचा मोठा भाग बाहेर दिसत असेल तर तो बसलेलाच नाही. हे शांत जागी, बाहेर करा. अंधारात, धक्क्यांत जमत नाही. घाईत घातलेले प्लग काहीच अडवत नाहीत आणि माणूस 'यांचा उपयोग नाही' म्हणून काढून टाकतो.

विसरलात तर बारवर किंवा कपडे ठेवण्याच्या खिडकीवर मागा. जर्मन हॉलमध्ये ते बहुधा फुकट किंवा एखाद्या युरोला मिळतात. आणि हळू जागा आली म्हणून प्लग काढू नका. त्यानंतर काय येतं हे तुम्हाला रेकॉर्डवरून माहीत आहे.

काय घालून जाऊ? सगळ्यांनी काळंच घातलेलं असतं का?

जवळजवळ सगळ्यांनी, पण सक्ती नाही. साधी काळी जीन्स आणि बँडचा टी-शर्ट घातलेले लोक हॉलमध्ये सर्वांत जास्त असतात. लांब कोट, मखमल, लेस, कॉर्सेट हे जास्त करून फेस्टिव्हलला आणि खास रात्री दिसतं. आपल्याकडे संक्रांत सोडली तर घरातून काळं घालून निघताना कुणीतरी टोकतंच. इथे डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात कुणी वळूनही बघत नाही. संक्रांतीची काळी चंद्रकळा अशा गर्दीत अतिशय शोभते, फक्त निऱ्या घोट्याच्या वर घ्या, कारण जमीन बिअरने ओली असते.

आत गरम होतं. हिवाळ्यात बाहेर शून्य अंश आणि आत तीस, म्हणून आतून सुती, वरून जाड कोट, आणि कोट 'गार्डेरोबे'त दोन-तीन युरो देऊन ठेवायचा. पीव्हीसी आणि रेक्झिनमधून घाम बाहेर जात नाही, तासाभरात चक्कर येते. कॉर्सेट पहिल्यांदाच घालणार असाल तर घरी तीन तास घालून बघा आणि कार्यक्रमाला दोन बोटं सैल बांधा. बूट पायात मुरलेले हवेत. नव्या जाड सोलच्या बुटांनी टाचा सोलवटतात. लांब टोकदार खिळ्यांचे पट्टे आणि जाड साखळ्या दारावर काढून घेतात.

काजळ आणि आयलायनर वॉटरप्रूफच. आधी डोळ्याभोवती पावडर, मग लायनर, पुन्हा थोडी पावडर, एवढं केलं तर घामात टिकतं. मशीनचा धूर डोळ्यांना कोरडं करतो, त्यामुळे लेन्स लावणाऱ्यांनी थेंब जवळ ठेवावेत.

बॅगेत काय न्यायचं?

कमीत कमी. पुष्कळ हॉलमध्ये ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग आत सोडत नाहीत आणि ठेवून घ्यायची सोय असेलच असं नाही. तिकीट (चार्ज असलेल्या फोनमध्ये, शिवाय ऑफलाइन साठवलेलं), ओळखपत्र, कार्ड, २० युरो सुटे, प्लग, केस बांधायला रबर. दम्याचा पंप किंवा औषध असेल तर मूळ पाकिटात. बाटली आणि मोठ्या लेन्सचा कॅमेरा दारावरच अडतो.

खाण्यापिण्याचं काय?

जेवून जा, पाचच्या सुमारास. हॉलमध्ये बहुधा फक्त बार असतो. शाकाहारी असाल तर जवळ फलाफल किंवा पिझ्झाचं दुकान आधीच बघून ठेवा, रात्री अकरानंतर छोट्या शहरांत काही उघडं नसतं. जर्मनीत पाणी विकत घ्यावं लागतं. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या जागेत नळाचं पाणी फुकट देणं बंधनकारक आहे, बिनधास्त मागा. जर्मन बारवर ग्लासामागे एक-दोन युरो 'फांड' म्हणजे अनामत घेतात. सोबत टोकन दिलं तर ते जपा, काही ठिकाणी ग्लास आणि टोकन दोन्ही दिल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत.

मॉश पिटमध्ये (लोक मुद्दाम एकमेकांवर आदळतात त्या जागेत) सापडलो तर?

या संगीतात गर्दी डुलते, धावते कमी. सोबतचा बँड डेथ मेटलचा असेल किंवा मुख्य बँडने एखादं वेगवान जुनं गाणं काढलं तर मधे, स्टेजपासून तीन-चार मीटरवर जागा मोकळी होऊ लागते. नको असेल तर तेव्हाच तिरकं बाजूला सरका, मागे रेटू नका. कुणी पडलं की आसपासचे लगेच उचलतात, तुम्हीही तेच करा. कठड्यावर दाब असह्य झाला तर समोरच्या सुरक्षारक्षकाला हात करा, तो वरून उचलून बाहेर काढतो. हेडबँगिंग करताना मान एकटी झटकू नका, कमरेपासून हलू द्या. दुसऱ्या दिवशी मान वळत नाही ती यामुळेच.

एकटीने गेलं तर सुरक्षित आहे का?

एकटे आलेले श्रोते इथे पुष्कळ असतात आणि गर्दी वयाने पोक्त, शांत असते. तरी कुणी त्रास दिला तर जर्मनीत अनेक ठिकाणी बारवर 'लुईसा आहे का?' असं विचारायचं. ही २०१६ मध्ये म्युन्स्टर शहरात सुरू झालेली सांकेतिक विचारणा आहे, कर्मचारी पुढचे प्रश्न न विचारता बाजूला नेतात. इंग्लंडमध्ये 'अँजेला'ची चौकशी करतात. आपला ग्लास कुणाच्या हाती सोपवून जाऊ नका.

फोटो आणि व्हिडिओ?

फोनने चालतं, फ्लॅश नको. एक गाणं काढा, छातीच्या उंचीवर धरून, आणि फोन खिशात टाका. निळ्या-जांभळ्या दिव्यांत फोनचा कॅमेरा चेहरे पांढरे करून टाकतो, म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून उजेड कमी करा. संथ, हळू गाण्यात फोन वर करू नका. मागच्याच्या डोळ्यांत तो एकच दिवा असतो.

झगमगत्या दिव्यांचा त्रास होतो. जाऊ का?

अपस्मार असेल तर हॉलला आधी ईमेल करून स्ट्रोबबद्दल (वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल) विचारा आणि डॉक्टरांशी बोला. नुसता त्रास होत असेल तर मागे आणि बाजूला उभे राहा. स्ट्रोब सुरू झाल्यावर नुसते डोळे मिटणं पुरत नाही, पापण्यांतून उजेड येतो. तळहाताने एक डोळा पूर्ण झाका आणि मान वळवा.

टी-शर्ट आधी घ्यावा की नंतर?

आधी. टूरच्या शेवटच्या आठवड्यात एस आणि डबल एक्सएल पहिल्या तासातच संपतात. ३० ते ४० युरो धरा. हॉल मर्चच्या (टी-शर्ट, रेकॉर्ड वगैरे) विक्रीतला वाटा घेतो हेही किंमत चढण्याचं एक कारण. तरी अशा बँडना टूरवर तारणारं उत्पन्न हेच असतं, त्यामुळे घ्यायचाच असेल तर नेटवरच्या नकलेपेक्षा इथे घ्या. पाठीवर तुमच्या शहराचं नाव आहे का बघा. रेकॉर्ड मात्र शेवटी घ्या, गर्दीत तिचे कोपरे दुमडतात. टी-शर्ट उलटा करून ३० अंशांवर धुवा, छपाईवर इस्त्री नको.

बँडला भेटता येईल का?

महागड्या व्हीआयपी तिकिटात बहुधा लवकर प्रवेश, सही आणि एक फोटो असतो. वेळ माणशी मिनिटापेक्षा कमी. बोलायचं वाक्य एकच ठरवून जा. त्याशिवाय छोट्या हॉलमध्ये सोबतच्या बँडची माणसं स्वतः मर्चच्या टेबलावर उभी असतात आणि मोकळेपणी बोलतात. बसच्या दाराशी थांबायचं तर अंतर ठेवून थांबा. गायक-गायिका थंडीत बोलत नसतील तर तो घमेंडीचा भाग नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा दीड तास गायचं असतं.

शेवटी 'त्सुगाबे' ओरडतात ते काय? आणि घरी कसं परतायचं?

'त्सुगाबे' म्हणजे एन्कोरची मागणी. बँड आत गेला तरी हॉलचे दिवे लागले नाहीत म्हणजे अजून दोन-तीन गाणी बाकी आहेत. मूनस्पेलसारखे बँड सर्वांत मोठं गाणं तिथेच ठेवतात. दिवे लागून कॅसेटचं संगीत सुरू झालं की संपलं.

परतीची ट्रेन तिकीट काढतानाच बघा. डॉइचलांडटिकेट हा मासिक पास फक्त प्रादेशिक आणि शहरी गाड्यांवर चालतो, आयसीई या जलद गाड्यांवर नाही. आणि शेवटची प्रादेशिक गाडी आठवड्याच्या मधल्या दिवशी बऱ्याच ठिकाणी बारा-साडेबारालाच सुटते. काही कॉन्सर्ट तिकिटांवर त्या भागातला शहरी प्रवास समाविष्ट असतो, तिकिटावरची बारीक अक्षरं वाचा. कोटाच्या खिडकीवर शेवटी वीस मिनिटांची रांग लागते. गाडी पकडायची असेल तर कोट एन्कोरआधी घ्या, किंवा त्या शहरात होस्टेल बुक करा. शेवटच्या गाण्याच्या मधेच स्टेशनकडे धावण्यापेक्षा ते कधीही बरं.

दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजतेय. काय करू?

शांत जागी राहा, त्या दिवशी हेडफोन लावू नका. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत थांबते. ४८ तासांनंतरही राहिली, किंवा एका कानाने एकदम कमी ऐकू येऊ लागलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे लगेच जा. जर्मनीत पाटीवर 'हा-एन-ओ' लिहिलेलं असतं. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांत सुरू केलेले उपचार उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात या' असं उत्तर मिळालं तर तक्रार नेमक्या शब्दांत सांगून तातडीची वेळ मागा. टूरची दुसरी तारीख दोनच दिवसांवर असेल आणि शिट्टी थांबली नसेल, तर ते तिकीट पुनर्विक्रीला टाका.